इसार आणि खुणा

वऱ्हाडात बैलजोडीचा, शेताचा अथवा घराचा सौदा ठरला, म्हणजे घेणारा माणूस देणाऱ्याच्या हातावर चार जणांदेखत जी लहानशी रक्कम ठेवतो तिला ‘इसार’ म्हणतात; मुंबई-पुण्याकडे तिलाच ‘विसार’ किंवा ‘बयाणा’ अशी नावे आहेत. पूर्ण किमतीच्या मानाने ही रक्कम किरकोळ असते, परंतु ती एकदा हातावर पडली की देणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू नये आणि घेणाऱ्याने दुसऱ्या दावणीकडे फिरकू नये, असा उभयपक्षी निर्बंध तिच्यामुळे उत्पन्न होतो. आणि इसारपावतीवर साक्षीदारांच्या सह्यांच्या वर जी मुदत लिहिलेली असते, तिचे वजन त्या कागदावरील इतर सर्व मजकुराहून अधिक असते. सौदा करून आलेल्या माणसाला घरचे वडीलधारे किमतीच्याही आधी ‘मुदत काय घातली?’ असे विचारीत, ते उगीच नव्हे.

आजच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यापारात ज्याला ‘प्री-बुकिंग’ म्हणतात, तो वस्तुतः हाच इसार होय. मात्र जुन्या इसारात आणि या नव्या इसारात एक मूलभूत भेद आहे, आणि या प्रकरणाचा सारा विषय त्या भेदात साठवलेला आहे. बैलाचा इसार देताना बैल समोर उभा असतो. त्याचे दात मोजता येतात, त्याची चाल पाहता येते, आणि मुदतीपर्यंत तो कोणाच्या गोठ्यात आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. प्री-बुकिंग केलेली वस्तू इसार देण्याच्या क्षणी बहुधा अस्तित्वातच आलेली नसते. तिचे चित्र असते, तिच्या गुणांची यादी असते, एक तारीख असते. वस्तू मात्र अद्याप कोठल्या तरी कारखान्याच्या नियोजनात, अथवा समुद्रापलीकडच्या एखाद्या पुरवठादाराने दिलेल्या होकारात असते. जी वस्तू अजून झालेलीच नाही तिची वाट पाहणे, आणि ती ठरल्या मुदतीत न आल्यास मनाचा होणारा क्षोभ, यांचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय माझ्यापुरता पुस्तकी नाही. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेडात मी राहतो. ज्या हिवराच्या झाडावरून या गावाला नाव पडले असावे, तो फिकट सालीचा, काटेरी वृक्ष आता बांधांवरही विरळाच दिसतो. एका ज्येष्ठात, मृगाची पेरणी तोंडावर आली असताना, मी ई-शाईच्या पडद्याचे एक वाचनयंत्र पूर्ण पैसे भरून नोंदवले. डोळ्यांची शक्ती उतरणीला लागलेल्या वाचकाला अक्षर हवे तितके मोठे करता येणे ही काही चैनीची बाब नव्हे. वाचनाशी असलेला संबंध टिकवण्याचा तो एक मार्ग आहे, आणि म्हणूनच त्या यंत्राची ओढ मला मनापासून होती. विक्रेत्याने पोळ्याच्या सुमाराची तारीख दिली. पोळा आला, बैल सजले, मिरवले, आणि पोळा फुटला. यंत्र आले नाही. मग दसऱ्याच्या आसपासची नवी तारीख आली, तीही गेली, आणि त्यानंतर तारीख येणेच थांबले. ‘आपली ऑर्डर प्रक्रियेत आहे’ एवढे एकच वाक्य, कोणत्याही दिवशी आणि कोणत्याही वेळी पाहिले तरी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तसेच्या तसे उभे असे.

त्याच दिवसांत घरच्या शेतात कपाशी उभी होती, आणि वाट पाहण्याचे हे दोन प्रकार एकाच अंगणात राहून मी रोज शेजारी शेजारी पाहत होतो. कपाशी काही झटपट येणारे पीक नव्हे. पेरल्यापासून आठवड्याभरात ती जमिनीबाहेर येते, सुमारे दीड महिन्याने तिला पाते लागते, दोन महिन्यांच्या आगेमागे फूल येते, आणि फुलाचे बोंड होऊन ते फुटेपर्यंत आणखी दीड-पावणेदोन महिने जातात. म्हणजे वाचनयंत्राला लागला तेवढाच, किंबहुना काही घरी त्याहून दीर्घ काळ शेतकरी कापसाची वाट पाहतो. त्या वाटेत पावसाची ओढ आहे, बोंडअळी आहे, पातेगळ आहे, आणि अखेरीस भाव काय मिळेल हे शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला ठाऊक नसते. तरीही शेतकरी सकाळी उठून शेतावर जातो तेव्हा त्याला त्या दिवशीची काही खूण मिळते. काल जेथे पाते होते तेथे आज पिवळे फूल आहे, आणि कालचे पिवळे फूल आज गुलाबी होऊन मिटू लागले आहे, इतकी बारीक बातमी ते झाड आपल्या मालकाला दररोज देत असते. आणि बातमी वाईट असली तरी ती बातमीच असते, तिच्यावर काही इलाज करता येतो. यंत्राच्या बाबतीत मला चिंता द्यायलासुद्धा कोणी काही कळवीत नव्हते. माझा क्षोभ विलंबापेक्षा या खुणांच्या अभावातून उपजला होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले, आणि एकदा उमगल्यावर या विषयाच्या इतिहासात जिकडे पाहावे तिकडे तीच गोष्ट दिसू लागली.

हा इतिहास वैयक्तिक संगणकाइतकाच जुना आहे. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे एक यंत्र झळकले. ते बनवणारी ‘मिट्स’ ही न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहरातली लहानशी कंपनी त्या वेळी कर्जात बुडालेली होती, आणि तिचे चालक एड रॉबर्ट्स यांना अशा यंत्राची काही शे गिऱ्हाइके मिळाली तरी पुरे झाले असते. मुखपृष्ठावर जे दिसत होते ते मात्र खरे यंत्र नव्हतेच. खरा नमुना न्यूयॉर्कला मासिकाच्या कचेरीकडे रवाना करण्यात आला होता, परंतु तो वाटेत पार्सल कंपनीकडून गहाळ झाला, आणि मुदत तर टळण्यासारखी नव्हती. म्हणून पुढे दिवे आणि कळा बसवलेली एक रिकामी पेटी तयार करून तिचे छायाचित्र छापण्यात आले. पुढील अर्धशतकातील साऱ्या प्री-बुकिंगचे बीज मला त्या पोकळ पेटीत दिसते, आणि हे मी रॉबर्ट्स यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्यांनी पुढे खरे यंत्र बनवले, आणि ते चालले.

अंक वाचकांच्या हाती पडताच मागण्यांचा आणि धनादेशांचा पूर लोटला. लोकांनी यंत्र न पाहता, ते चालविण्याचा कोणताही पूर्वानुभव नसता, सुमारे चारशे डॉलर पाठवून दिले, आणि बुडत्या कंपनीची थकबाकी त्या आगाऊ पैशातूनच फिटू लागली. प्री-बुकिंगचे अर्थशास्त्र यात स्वच्छ दिसते: गिऱ्हाईक स्वतःला खरेदीदार समजत असतो, परंतु वस्तू हाती येईपर्यंत तो खरे पाहता बिनव्याजी सावकार असतो, आणि सावकाराजवळ असतो तसा गहाणखताचा कागदही त्याच्यापाशी नसतो. तथापि मिट्सजवळ तेवढी यंत्रे बनवण्याइतके हात नव्हते, आणि आठवडे लोटले तशी गिऱ्हाइके अस्वस्थ झाली. कॅलिफोर्नियातील बर्कलीचे स्टीव्ह डॉम्पिअर हे गृहस्थ आपल्या मागणीचे काय झाले हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी विमानाने अल्बुकर्कीला गेले, आणि परत येऊन त्यांनी ‘होमब्रू कम्प्युटर क्लब’ या नव्याने जमू लागलेल्या छंदिष्टांच्या मंडळाला तेथली हकिकत सांगितली: कारखाना म्हणण्यासारखे तेथे फारसे काही नाही, मागण्या मात्र हजारोंनी आहेत. या हकिकतीने कोणाला एक दिवसही लवकर यंत्र मिळाले नाही. परंतु ज्यांनी पैसे गुंतवले होते त्यांना विलंबाचे कारण कळले, कोणा एका माणसाने ते डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्या मंडळातली माणसे पुन्हा कामाला लागली. याच डॉम्पिअर यांनी त्या वसंतात आपले अल्टेअर जोडून त्याच्या शेजारी एक ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला. यंत्राच्या विद्युत्-स्पंदनांचा जो अडथळा रेडिओत उमटतो त्यालाच सुरात बांधून त्यांनी जमलेल्या मंडळींना गाणे ऐकवले, तेव्हा त्या खोलीतल्या माणसांनी टाळ्यांचा गजर केला.

पुढच्या काळातील उदाहरणे मी त्वरेने सांगतो. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १२ जानेवारी १९८४ रोजी ‘क्यूएल’ नावाचा संगणक जाहीर केला आणि २८ दिवसांत घरपोच देण्याचे वचन दिले; पहिली यंत्रे एप्रिलच्या अखेरीस निघाली, आणि त्यांतही मूळ आज्ञावली आतल्या जागेत न मावल्यामुळे तिचा काही भाग यंत्राच्या पाठीवर बाहेर लटकवलेल्या तुकड्यात ठेवावा लागला होता. ज्या जातीचे वाचनयंत्र मी नोंदवले होते त्या जातीला सर्वदूर पोहोचवणारे ‘किंडल’ १९ नोव्हेंबर २००७ रोजी विक्रीस आले, साडेपाच तासांत संपले, आणि पुन्हा उपलब्ध होण्यास पुढल्या वर्षीचा एप्रिल उजाडला.

येथे वाचक साहजिकच विचारील, की इतक्या हुशार माणसांना आपले यंत्र केव्हा तयार होईल एवढे साधे गणित का जमू नये? याचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे. एखाद्या साध्या वाचनयंत्रातसुद्धा शेकडो सुटे भाग असतात: पडदा, बॅटरी, स्मृती, प्रक्रियक, आणि डोळ्यांना तिळाएवढे दिसणारे रोधक व धारक. हे सर्व भाग निरनिराळ्या देशांतून, निरनिराळ्या पुरवठादारांकडून येतात. लग्नाच्या पंगतीत वरण, भात, भाजी, पोळी सगळे तयार असून केवळ मीठ आले नाही तर पान वाढता येत नाही. तसेच त्या शेकडो भागांपैकी नव्याण्णव टक्के भाग वेळेवर पोहोचले आणि एकच अडकला, तरी तयार यंत्रांची संख्या शून्यच राहते. एकेका भागाला वेळेवर येण्याची शंभरात नव्याण्णव संधी आहे असे धरले आणि असे शंभर भाग असले, तर सर्वच्या सर्व वेळेवर येण्याची संधी शंभरात सुमारे सदतीसच उरते. कंपनीची तारीख बहुधा त्या सदतिसांच्या आशेवर लिहिलेली असते. उरलेल्या त्रेसष्टांचा उल्लेख तिच्या जाहिरातीत नसतो.

हा अडकलेला भाग किती क्षुल्लक असू शकतो याचा एक बोलका दाखला २०१२ मधला आहे. ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याच्या कॅटएवढा स्वस्त संगणक त्या वर्षी २९ फेब्रुवारीला विक्रीस निघाला आणि पहिले १०,००० नग पाहता पाहता संपले. परंतु चीनमधील कारखान्याने जाळ्याची (नेटवर्कची) तार जोडण्यासाठी आतल्या चुंबकीय गुंडाळ्या नसलेली खोबण बसवली होती. दिसायला ती तंतोतंत सारखी होती, पण तिच्यातून जाळ्याशी संपर्क होईना. तेव्हा जुनी खोबण काढून नवी डाखण्याचे काम आले, आणि ते संपते न संपते तोच युरोपातील मानकांच्या चाचणीचा दाखला आधी हवा असा आग्रह वितरकांनी धरला. गिऱ्हाइकांच्या हाती यंत्रे पडू लागली ती एप्रिलात. या उदाहरणातला प्रशंसनीय भाग असा, की त्या संस्थेने चूक कोणती, खोबण कोणती, दाखला कोणता, हे सारे लोकांना वेळोवेळी स्पष्ट सांगितले. लोक चिडले, तरी दूर गेले नाहीत.

आणि काही वेळा अडचण एका कंपनीपुरती नसते. २०२०-२१ च्या सुमारास साऱ्या जगात चिपांचा दुष्काळ पडला. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो क्रिया होऊन तिची चिप बनण्यास सामान्यतः तीन महिने लागतात, म्हणजे कपाशीला पेरल्यापासून बोंड भरेपर्यंत लागतात तितके. आणि मागणी वाढली म्हणून नवा कारखाना उभारायचा तर त्याला काही वर्षे हवीत. महामारीत घरबसल्या कामासाठी संगणकांची मागणी फुगली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासातील हिमवादळाने तेथील कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानातील नाका येथील रेनेसासच्या कारखान्यास आग लागली. आणि त्याच महिन्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस सुएझच्या कालव्यात आडवे पडले. या साखळीचा शेवटचा दुवा आपल्या घरापर्यंत आला. रिलायन्सचा ‘जिओफोन नेक्स्ट’ १० सप्टेंबर २०२१ रोजी, गणेश चतुर्थीला, बाजारात यावयाचा होता. कंपनीने चिपांच्या तुटवड्याचे कारण देऊन तो दिवाळीपर्यंत पुढे ढकलला, आणि ४ नोव्हेंबरला तो आला.

भारतातील सर्वांत मोठी, आणि माझ्या मते सर्वांत वेदनादायक वाट मात्र ‘आकाश’ टॅब्लेटची होती. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचे अनावरण केले, तेव्हा जगातील सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. डेटाविंड या कंपनीने अडीच हजार रुपयांच्या आसपास किमतीत त्याची खुली नोंदणी सुरू करताच, अल्प काळात सुमारे १४ लाख मागण्या आल्याचे कंपनीने सांगितले. खेड्यापाड्यांतल्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या विद्यार्थ्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता, त्यांच्या दृष्टीने हा केवळ एक गॅझेट नव्हता. तो एक दरवाजा होता. पुढे जे घडले ते दुःखद आहे. ३६६ मेगाहर्ट्‌झचा मंद प्रक्रियक आणि बोट जोराने दाबावे लागणारा पडदा यांविषयी तक्रारी झाल्या. कंपनी, जोडणी करणारा कारखाना आणि प्रकल्प सांभाळणारी आयआयटी राजस्थान यांच्यात चाचण्यांच्या कसोट्यांवरून तंटा माजला. आणि १४ लाखांच्या आशा त्या तंट्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. तेथे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली वेगवान प्रक्रियकाचा, हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा ‘आकाश-२’ सिद्ध झाला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. यंत्र सुधारले, हे खरे. परंतु त्या एका वर्षात हातातल्या टॅब्लेटांचा आणि मोठ्या पडद्याच्या फोनांचा बाजार इतका पालटला, की ज्यांनी पहिल्या आठवड्यात नोंदणी केली होती त्यांच्यापैकी कित्येकांची भूक दुसरीकडेच भागली, आणि उरलेल्यांचा धीर सुटला. २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांच्या ‘फ्रीडम २५१’ या फोनच्या नोंदणीवर जी झुंबड उडाली, आणि ज्या नोंदणीकारांची संख्या कंपनीने सात कोटींवर सांगितली, त्या प्रकरणाची गणना मात्र मी विलंबात करीत नाही. तेथे मूळ वचनच टिकणारे नव्हते.

मनाच्या बाजूने पाहू जाता, या विषयावर शास्त्रज्ञांनी केलेले काम फार उद्बोधक आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामाइन स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले, की फळाचा रस मिळेल अशी खूण एकदा ओळखीची झाली, म्हणजे त्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उद्दीपित होतात. आणि अपेक्षित क्षणी रस न मिळाल्यास नेमक्या त्याच क्षणी त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे मेंदूने मनातल्या मनात मुदत लिहून ठेवलेली असते, आणि ती टळल्याची नोंद तो तत्काळ करतो. तारीख देऊन ती चुकवणे हे तारीखच न देण्याहून अधिक का झोंबते, याचे मूळ येथे आहे.

रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात त्यांनी असे प्रतिपादिले, की अनिश्चित वाट निश्चित वाटेपेक्षा आणि अकारण वाट सकारण वाटेपेक्षा लांब भासते. हे वाचताना मला १९७२ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचे दिवस आठवले. खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग फर्लांगभर लागे, आणि माणसे गाडीखालीच रात्र काढीत. माझे वडील सकाळी तोंड धुऊन झाले की रांगेच्या टोकापर्यंत चालत जात आणि आपल्या पुढे किती गाड्या उरल्या ते मोजून येत. काल ऐंशी होत्या, आज साठ आहेत, म्हणजे तेरवा सकाळी ग्रेडर आपल्या कापसाला हात लावील, असा हिशेब ते मांडीत आणि मग शांतपणे भाकर सोडून बसत. पुढे चुकाऱ्याची वाट पाहताना मात्र त्याच वडिलांना मी बेचैन झालेले पाहिले आहे, कारण चुकाऱ्याच्या रांगेत मोजता येण्याजोग्या गाड्या नव्हत्या.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग तर मला आजही हलवून सोडतो. थोडा वेळ थांबलास तर एकाऐवजी दोन गोळ्या मिळतील असे मुलांना सांगून त्यांचा धीर मोजण्याची पद्धत जुनी आहे, आणि ज्याला धीर आहे तो गुणी, असा निष्कर्ष त्यावरून पुष्कळांनी काढला होता. किड यांनी या प्रयोगाच्या आधी अर्ध्या मुलांना दिलेली लहान वचने पाळली, चांगले रंग आणून देतो म्हटले आणि आणून दिले. उरलेल्या अर्ध्यांना तसेच वचन देऊन ते मोडले. मग गोळ्यांचा प्रयोग केला. ज्यांचे वचन पाळले गेले होते ती मुले सरासरीने सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांचे मोडले होते ती सुमारे ३ मिनिटे. मुले तशीच, वय तेच. मोठ्या माणसांना ‘तुम्हाला जरा धीर नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने आपण आधीची किती वचने पाळली आहेत हे प्रथम मोजावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

मुदतीचे हे वजन कायद्यालाही ठाऊक होते. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या कलम ५५ मध्ये असे म्हटले आहे, की मुदत हा कराराचा गाभा असावा असा उभय पक्षांचा हेतू असताना एका पक्षाने ती पाळली नाही, तर दुसऱ्या पक्षास करार रद्द करण्याचा अधिकार पोहोचतो; आणि तसा हेतू नसला तरी विलंबाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. आजच्या ग्राहकासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम, जिल्ह्याच्या ठिकाणचा ग्राहक आयोग आणि १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. मी स्वतः कोठे अर्ज केला नाही. पैसे परत मागण्याची सोय होती, परंतु मला पैसे नको होते, वाचावयाचे होते.

शेवटी कार्तिकात, दिवाळी उलटल्यावर, पडद्यावरचे वाक्य बदलले: माल रवाना झाला. आता चार दिवसांचा प्रश्न उरला असे वाटले, तर आठ दिवस गेले. हिवरखेड नावाचे गाव काही एकच नाही. एक आमचे, जाणकार त्याला हिवरखेड रूपराव म्हणतात. एक अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडे, संत्र्यांच्या मुलखात. आणि एक बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात. एकाच नावाच्या गावांतून पत्रे भरकटू नयेत म्हणून तर पिनकोडाची योजना निघाली, आणि ती रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकखात्यातील अधिकारी आपल्या कोकणातले, संस्कृतात काव्ये आणि नाटके लिहिणारे गृहस्थ होते, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकांची ही पद्धत सुरू झाली. पहिला अंक देशातील विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणाऱ्या जिल्ह्याचे, आणि शेवटले तीन त्या डाकघराचे. आता तेल्हारा आणि मोर्शी या दोन्ही बाजूंच्या पिनकोडांचे पहिले तीन अंक ४४४ हेच. वेलणकरांनी शेवटचे तीन अंक ज्यासाठी ठेवले, ते न वाचता कोणी केवळ गावाचे नाव वाचले, तर काय होणार ते उघड आहे.

“काका, तुमचं पार्सल मोर्शीकडच्या हिवरखेडले गेलं होतं,” अकोटहून पार्सले आणणाऱ्या पोराने फोनवर सांगितले, “वापस आलं. उद्या आणतो, पक्कं.”

आणि दुसऱ्या दिवशी तो खरोखरच आला. आमच्या गावावरून जाणारी मीटरगेजची गाडी २०१७ च्या आरंभी बंद झाल्यापासून अकोटची सगळी ये-जा रस्त्यानेच होते. त्याच्या दुचाकीच्या मागच्या थैलीवर रस्त्याची धूळ पसरलेली होती. घरात त्या दिवशी दुसऱ्या वेचणीचा कापूस येऊन पडला होता. पहिल्या वेचणीच्या वेळी सीतादहीची पूजा झाली, दहीभात शेताच्या चारी कोपऱ्यांना शिंपडला गेला, तेव्हापासून माय रोज एकच प्रश्न विचारी, आणि आजही तिने कापसाच्या ढिगाजवळून तोच विचारला, “आलं काय बाप्पा तुयं ते?”

“आलं, माय.”

पेटी लहान होती. फोडण्यापूर्वी मी ती उजेडाकडे धरून तिच्या पाठीवरचा छापील मजकूर वाचू लागलो; अक्षरे इतकी बारीक होती की चष्मा काढून पेटी डोळ्यांशी न्यावी लागली. आवेष्टित वस्तूंवर उत्पादनाचा महिना छापण्याचा जो नियम आहे, त्याप्रमाणे तेथे महिना आणि वर्ष दिलेले होते. महिना ऑक्टोबरचा होता. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन झाल्यावर मी ज्या वेळी दोनदा उठून वेशीकडच्या रस्त्यावर कुरिअरची गाडी दिसते का ते पाहून आलो, त्या वेळी कपाशीला आमच्या शेतात हिरवी बोंडे धरली होती, आणि हे यंत्र कोठेच नव्हते.